परतीची खूण

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

पोहोचलो एकदाचा चेन्नईला. निघताना इराने ही वही हातात दिली आणि बजावलं की रोज काहीतरी लिहायचंच, ती इथे आली की सगळं वाचणार आहे. म्हणजे बायको तपासणार हे धरूनच लिहिलं पाहिजे.

मुक्काम तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हटल्यावर आमच्या जळगावात कुणाला महाल वाटेल. प्रत्यक्षात एका जिन्याभोवती चाळीस खोल्या, प्रत्येकीत एक खाट, एक खुर्ची आणि एक सडाफटिंग. बायकांना पहिल्या पायरीपुढे मज्जाव, त्यामुळे इराला आणायचं तर आधी घर बघायला हवं. खालच्या मेसमध्ये इडल्या तीन मागितल्या आणि सात खाल्ल्या. समुद्र दहा मिनिटांवर आहे. एकूण मजा आहे.

ऑफिस पेरुंगुडीला. आम्ही कारखान्यांच्या गेटवर कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो. विजयलक्ष्मी मॅडम प्रमुख. त्या तंजावरकडच्या मराठी. माझ्याशी दोन वाक्यं मराठीत बोलल्या, तिसऱ्याला तमिळ आलं आणि चौथं इंग्रजीत संपलं. माझं नाव त्यांनी स्वतः टाइप करून रजिस्टरला चढवलं. माझ्या आधी या जागेवर अनिकेत नावाचा साताऱ्याचा मुलगा होता. तो का सोडून गेला असं विचारलं, तर म्हणाल्या की गेला. एवढंच. मी लगेच मनात नोंद केली. इरा म्हणते, तुला दुधात पाणी नसलं तरी दिसतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मला दिलेलं काम सांगतो. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे पत्र्याचे भाग ठोकणारा एक कारखाना आहे. तिथे पाळी सुटताना प्रत्येकाचं नाव गेटवरच्या कॉम्प्युटरवर टाइप होतं आणि आमची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, ते बसच्या यादीत शोधून सीट देते. गेले काही महिने काही नावं यादीत असूनही सापडत नाहीत. पडद्यावर 'विश्वेश' दिसतं, यादीतही 'विश्वेश' आहे, आणि स्क्रिप्ट म्हणते असा कुणी नाहीच. मग तो माणूस बस सुटेपर्यंत ताटकळतो आणि सगळ्यांना शिव्या घालतो.

दोन सारखी नावं सारखी नसतात, याचा अर्थ मधे कुणीतरी हात घालतंय. माझा पहिला संशय गेटवर नावं टाइप करणाऱ्या माणसावर आहे. शुक्रवारी जाऊन बघतो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गेटवरचे कारकून वेंकोबा. साठी उलटलेली, कपाळावर उभी रेघ, शर्टाच्या खिशात तीन पेनं. तेही तंजावरचे मराठी. त्यांचं मराठी ऐकलं की पोथीतलं वाक्य तमिळ चालीवर म्हटल्यासारखं वाटतं. नोकरीची पहिली वीस वर्षं त्यांनी टाइपरायटरवर काढली, आणि ते कळायला विचारावं लागत नाही. प्रत्येक नावानंतर ते एंटर असं दाबतात की टेबल हलतं.

त्यांच्याकडे एक गंमत पाहिली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवतात आणि त्याच्याकडून 'पोय्ट्टु वरेन' म्हणवून घेतात. जाऊन येतो. कुणी नुसताच निघाला तर त्याचं नाव टाइप करत नाहीत. मी निघताना सहज 'जातो' म्हणालो तर हातच धरला. "जातों म्हणूं नये. येतों म्हणावें, कण्णा." कण्णा म्हणजे बाळा. आमची आजीही हेच म्हणायची, पण ती निदान सोडायची.

विश्वेशही भेटला. फिटर, पंचविशीचा, तोही तंजावरच्याच मराठी घरातला. श्रीपेरुंबुदूरला राहतो, वर्षापूर्वी लग्न झालंय. दोन आठवडे बसमध्ये सीट नाही म्हणून बायको जननी त्याच्यावर संशय घेते, असं हसत सांगत होता. त्याच्यासोबत राघोत्तम नावाचा पॅकिंगमधला माणूस होता, डावा पाय ओढत चालणारा. दोघे एकाच डब्यातून जेवतात.

वेंकोबा एंटरवर एवढा जोर का देतात ते कळलं नाही. ते काहीतरी लपवताहेत, हे नक्की.

सोमवार, १० फेब्रुवारी

सापडलं. मी प्रत्येक नावाची अक्षरं मोजायला लावली. इंग्रजीत विश्वेशची आठ व्हायला हवीत, ती नऊ भरली. नववं अक्षर पडद्यावर दिसत नव्हतं. इथेच घोडं पेंड खात होतं.

इराला कळेल अशा भाषेत लिहितो. एंटर दाबलं की गेटवरच्या कॉम्प्युटरवरून दोन अदृश्य खुणा निघतात. एक 'परत' आणि एक 'खाली'. ही टाइपरायटरच्या काळातली सवय आहे: गाडा ओळीच्या सुरुवातीला परत न्यायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. आमच्या सर्व्हरला फक्त 'खाली' समजते. 'परत' ही खूण नावाच्या शेपटीला चिकटून राहते, आणि विश्वेश हा विश्वेश राहत नाही. ज्यांची नावं यादीतही याच गेटवरून चढली, ती दोन्हीकडे शेपटीसकट असल्यामुळे जुळतात. म्हणजे वेंकोबांचा काही दोष नव्हता. मी चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो.

मात्र एक खटकलं. ती खूण पुसणारी ओळ स्क्रिप्टमध्ये आधीच लिहिलेली आहे. अनिकेतने लिहिली, मग बंद करून ठेवली, आणि वर मराठीत शेरा मारला: 'ही चालू करू नका. मी माझ्या नावावर करून पाहिलं.' करून पाहिलं आणि काय झालं, ते लिहिलेलं नाही. एका ओळीचं काम चार महिने लोंबकळत ठेवायचं आणि वर सूचनाही द्यायच्या. आळशी माणसं असे शेरे फार मारतात.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ओळ चालू केली. सावधगिरी म्हणून आधी तीनच नावांवर: विश्वेश आणि त्याच्या बसमधले आणखी दोघे. 'परत' पुसायची, 'खाली' राहू द्यायची. संध्याकाळी तिघांनाही पहिल्या फटक्यात सीट मिळाली. विश्वेशने बसमधून अंगठा दाखवणारा फोटो पाठवला.

मॅडम एवढ्या खूश झाल्या की पेरुंगुडीचा कंपनीचा फ्लॅट मला मिळाला. दोन खोल्या आणि गॅलरी, गॅलरीतून दलदल आणि तिच्यातले बगळे दिसतात. आपलं औषध आधी आपण घ्यावं म्हणून त्यांनी फ्लॅटचं रजिस्टरही दुरुस्त स्क्रिप्टवर टाकायला लावलं. एका फ्लॅटला एक ओळ. माझं नाव पहिल्या दिवसापासून रजिस्टरात होतंच, ते तिथून तसंच त्या ओळीत आलं. त्यापुढे मी इराचं टाइप केलं. स्क्रिप्टने तिच्या नावाची शेपटी उडवली आणि नाव स्वच्छ बसलं.

इराने मंगळवारचं तिकीट काढलं. बुधवारी ती इथे असेल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गेटवरून फोन आला. विश्वेश काल आणि आज कामावर नाही. बुधवारी बसमध्ये बसला तो घरीही गेलेला नाही. जननी गेटवर येऊन बसली आहे. नवऱ्याचा फोन लागतो, तो बोलतोही नीट, येतोय म्हणतो आणि येत नाही, असं ती सांगते. वर्षभरात कंटाळला असेल, दुसरं काय. माझ्या मनात जे आलं ते मी वेंकोबांना बोलून दाखवलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, की त्याच्या नावाचं तू काय केलंस?

मी म्हटलं, नाव साफ केलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

फ्लॅटवर राहायला आलो. गॅस जोडून घेतला, इराला आवडतात तशा निळ्या बादल्या आणल्या.

ते बाकीचे दोघेही आलेले नाहीत. साफ केलेली तीन नावं आणि बेपत्ता झालेली तीन माणसं तीच. आता मला मॅडमचा संशय येतो. माणसं कमी करायची असतील आणि खापर सॉफ्टवेअरवर फोडायचं असेल, तर याहून सोपा मार्ग नाही. दुपारी त्यांना सरळ विचारलं. त्या आधी चिडल्या, मग घाबरल्या. त्यांचं घाबरणं खोटं वाटलं नाही. अनिकेतने राजीनामा दिलाच नव्हता, एक दिवस नुसता यायचा थांबला, असं त्यांनी आज कबूल केलं.

मग मी विश्वेशला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. म्हणाला की बुधवारी डुलकी लागली आणि श्रीपेरुंबुदूर मागे गेलं. कांचीपुरमला उतरून परतीची बस पकडली, उतरला तर वेल्लूर आलं होतं. पुन्हा उलटी बस धरली तर अंबूर. आता कृष्णगिरीला आहे. बसवर पाटी चेन्नईचीच असते, असं तो शांतपणे सांगत होता. त्याला म्हटलं, बस सोड आणि चालत मागे फीर. त्याने तेही केलं होतं. चालतानाही मैलाच्या दगडावरचा चेन्नईचा आकडा वाढतच गेला.

थट्टा करतोय असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ऑफिसच्या जुन्या कागदांत अनिकेतच्या घरचा नंबर मिळाला. त्याच्या आईने उचलला. अनिकेतचा मित्र म्हटल्यावर आधी त्या आनंदल्या. ऑक्टोबरात तो घरी यायला निघाला. 'येतो' म्हणून फोन केला. साताऱ्याला उतरला नाही. मग मुंबईहून फोन, मग सुरतेहून, मग अजमेरहून. दर वेळी म्हणे, आई, मागे वळतोय आणि पुढेच जातोय. दिवाळीत पठाणकोटहून बोलला. शेवटचा फोन आला तेव्हा त्याचे दात वाजत होते आणि गावाचं नाव त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर फोन नाही. मला त्याचा पत्ता लागला तर कळवा, असं त्या तीन वेळा म्हणाल्या. मला हो म्हणवेना.

मी त्यांच्या नावातली परत यायची खूणच काढून टाकली. खाली जायची ठेवली. पुढच्या ओळीवर जायचं, पण ओळीच्या सुरुवातीला यायचं नाही, म्हणजे पुढे, पुढे आणि आणखी पुढे. पडद्यावर असा मजकूर पायऱ्यांसारखा उजवीकडे सरकत जातो आणि कडेबाहेर निघून जातो. हे मला कॉलेजपासून ठाऊक आहे. माणसांचं असं होतं हे कुणी शिकवलं नव्हतं.

स्क्रिप्टमधली ती पुसणारी ओळ ताबडतोब बंद केली. नवीन नावांना आता धोका नाही. पण जी आधी साफ झाली, ती झाली; हाताने खूण परत चिकटवली तर आणखी काय बिघडेल ते ठाऊक नाही.

त्यात इराचं नाव आहे.

ती दुपारीच गाडीत बसली होती. मी फोन करून म्हटलं की पुढच्या स्टेशनवर उतर आणि घरी जा. ती हसली. तिच्या आईनेही निघताना नेमकं 'येते म्हण' असं बजावलं होतं म्हणे. कारण विचारलं तर मी काय सांगणार? तू आणि तुझे संशय, म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. उद्या मी सेंट्रलला डब्याच्या दाराशी उभा राहणार आहे. हात धरला की बघू कशी पुढे जाते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गाडी थांबायच्या आधीपासून तिच्या डब्याच्या दाराशी होतो. सगळे उतरले. आत चढून एकेक सीट पाहिली. तिच्या खिडकीत केळीच्या चिप्सची पुडी होती, अर्धी खाल्लेली.

तेवढ्यात तिचा फोन. म्हणाली की तू आहेस कुठे, मी बाहेर येऊन दहा मिनिटं झाली, रिक्षात बसले, फ्लॅटवरच भेटू. मी ओरडलो की उतर. ती म्हणाली, ओरडू नकोस, लोक बघतात.

फ्लॅटवर आलो. चार वाजता फोन: रिक्षावाला पेरुंगुडी चुकला, शोळिंगनल्लूर आलं. सहा वाजता केळंबाक्कम. रिक्षा सोडून तिने उलट्या बाजूची बस धरली होती. साडेसातला महाबलीपुरम. तिथे तिने लॉजवर खोली घेतली आणि पहिल्यांदा विचारलं की देवेश, हे काय चाललंय?

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पहाटेच गाडी करून महाबलीपुरमला गेलो. खोलीतून हलू नकोस असं सांगितलं होतं. ती हलली नव्हती. लॉजवाला म्हणाला अशी कुणी बाई इथे नाही. तिने खिडकी उघडली तेव्हा खाली पुदुच्चेरीचा बाजार होता.

पुदुच्चेरीला गेलो. ती कडलूरला. कडलूरला गेलो तर चिदंबरम. आम्ही फोनवर बोलत होतो, तिच्याकडे वाजणारी देवळाची घंटा मला ऐकू येत होती, आणि मधे चाळीस किलोमीटर होते. मी मागे लागलो की ती जास्त वेगाने पुढे जाते. म्हणून थांबलो. परत आलो. मला येता येतं. माझी शेपटी शाबूत आहे.

पोलिसांकडेही गेलो. फोनवर बोलणाऱ्या बायकोला हरवलेली कसं म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. भांडण झालंय का, हेही विचारलं. माझ्याकडेच संशयाने बघत होते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नकाशा उघडून बसलो होतो. किनाऱ्याने खाली जाणारा रस्ता कोडिक्करैला संपतो. पुढे पाणी. दुपारी वेंकोबांचा फोन आला की विश्वेश परत आला. धावत इरुंगाट्टुकोट्टैला गेलो.

खरंच आला होता. खुणेचं मी वेंकोबांना सांगितलं होतं; जननी रडताना बघवेना म्हणून काल त्यांनी त्याच्या नावाला ती खूण परत जोडली. पण त्यांना जोडता आली ती फक्त 'परत'. 'खाली' कधीच वापरून झाली होती, खालच्या ओळी दुसऱ्यांच्या नावांनी भरल्या होत्या. वेंकोबांनी मला टाइपरायटरचंच उदाहरण दिलं. गाडा मागे ओढला आणि कागद सरकवलाच नाही, तर नवं अक्षर जुन्यावर बसतं.

बसच्या यादीत एका बाकाला एक ओळ. विश्वेशच्या ओळीत त्याच्या आधी नाव होतं राघोत्तमचं.

राघोत्तम कालपासून कुठेच नाही. तो पुढे गेलेला नाही, कुणाला त्याचा फोन आलेला नाही. आणि विश्वेश डावा पाय ओढत चालतो. जननीकडे त्याने पाहिलं आणि अम्मा म्हणून नमस्कार केला. पाळी सुटल्यावर राघोत्तमच्या घराची वाट धरली. राघोत्तमच्या बायकोने दार उघडलं आणि किंचाळली, असं वेंकोबा म्हणाले. मग हळूहळू तिने त्याला आत घेतलं. मला ते घेणं जास्त भयंकर वाटलं.

वेंकोबा म्हणाले, मी भलें करायला गेलों. बाकीच्या दोघांच्या नावांना हात न लावता त्यांनी गेटवर बसणं सोडलं आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी नागपट्टिणम. इरा खूप थकली आहे. झोपली की पुढे, बसली की पुढे. खांबाला ओढणी बांधून बघितली. जाग आली तेव्हा ओढणी हातात होती, खांब दुसरा होता.

दिवसभर स्क्रिप्ट उलटीपालटी केली. नवं नाव, नवी ओळ, नवं रजिस्टर. फ्लॅट बदलून पाहिला. स्क्रिप्ट तिला पुन्हा पुन्हा जुन्याच ओळीत नेऊन ठेवते. माझ्या नावापुढे.

तिचं नाव उचलून दुसऱ्या कुणाच्या ओळीत घालता येईल का, हेही पाहिलं. लिहायला लाज वाटते, पण इरा वाचणार आहे म्हणून लिहितो. मॅडमच्या ओळीवर बोट ठेवून पाच मिनिटं बसलो होतो. भरलेल्या ओळीत मात्र सरकवता येतं. पण मग ती मॅडमच्या घरी जाईल. मला ओळखणार नाही, नमस्कार करेल. आणि मॅडमना एक मुलगी आहे, तिला मी काय सांगू.

संध्याकाळी इरा म्हणाली की आता भीती वाटते. इतके दिवस म्हणाली नव्हती.

रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळ

वेदारण्यम मागे पडलं. दोन्ही बाजूंना मिठागरं, म्हणाली. पायातल्या चपला गेल्या.

तिला मी ओळीचं सगळं सांगितलं, खूण जोडली तर ती माझ्या नावावर येऊन बसेल हेही. ती म्हणाली, खबरदार. मी पोहते, म्हणाली. तिला पोहता येत नाही.

रविवार, दुपार

कोडिक्करै. रस्ता संपला. वाळू आहे. ती मागे तोंड करून उभी आहे, आणि तरी पाणी जवळ येतंय. कोळी ओरडताहेत म्हणे, त्यांचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नाही —

घोट्यापर्यंत.

फोन चालू ठेव म्हटलं. लाटा ऐकू येतात. ती काहीबाही बोलतेय, गॅस बंद केलास का, दूध तापवलंस का. गुडघे —

मला मरायचं नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो. मी शूर नाही. पण दुसऱ्या कुणाची ओळ नाही, माझीच आहे, आणि माझ्या ओळीवर आली तर निदान माझ्या घरी येईल.

कंबर. फोन तिने वर धरला आहे —

तिच्या नावाला खूण जोडली. एंटर दाबायचं बाकी आहे. इरा, रागावू नकोस. दूध तापवून ठेवलंय. तुला मी

दाबलं.

रविवार, दुपार, नंतर

लाटांचा आवाज थांबला. फोन चालू आहे, पलीकडे कुणी नाही.

हात अजून माझेच दिसतात. कदाचित चालणार नाही हे. कदाचित वेंकोबा —

नाव काय माझं? देवेश. येतंय सांगता. देवेश.

बेल वाजली. मी खुर्चीवरून उठलो, दाराकडे गेलो, पायांना वाळू लागली. घरात वाळू कशी? दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. मी आत आले. कपडे कमरेपर्यंत ओले होते, ते पिळले. गॅसवर दूध होतं, त्यातलं अर्धं प्यायले. टेबलावर ही वही उघडी. अक्षर त्याचं आहे, शाई अजून ओली आहे, आणि पेन माझ्या हातात

देवेश म्हणून हाक मारली. दोन्ही खोल्या बघितल्या, गॅलरी बघितली. पुन्हा हाक मारली. ओ आली ती माझ्याच तोंडून, त्याच्या आवाजात, म्हणाली की मी इथेच

त्याला विचारते आहे कुठे. तो म्हणतो खाली. तुझ्या खा